तबस्सुम सिमी गरेवालच्या आधी पंचवीस वर्षं होत्या

आपल्याकडे टीव्हीवर गप्पांचा कार्यक्रम १९९७ मध्ये अभिनेत्री सिमी गरेवालनी आणला, असं कुणीतरी म्हटलंय. सिमींचा कार्यक्रम मलाही आवडायचा, पण हे मान्य नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि त्याच वर्षी तबस्सुम 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा कलाकारांशी गप्पांचा कार्यक्रम घेऊन आल्या. तो १९९३ पर्यंत चालला, म्हणजे एकवीस वर्षं! आणि त्या काही नवख्या नव्हत्या. जन्म १९४४ चा, तिसऱ्या वर्षापासून बेबी तबस्सुम म्हणून सिनेमात. 'दीदार'मधली लहानपणीची नर्गिस त्याच. समोर बसलेल्या बऱ्याच कलाकारांनी त्यांना फ्रॉकमध्ये पाहिलेलं, त्यामुळे माणसं त्यांच्यापाशी लगेच मोकळी व्हायची. हे नंतरच्या कुणाला जमलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे साताऱ्यात सिग्नल सिंहगडावरून यायचा, तोही लहरीवर. कार्यक्रमाच्या वेळी दादा गच्चीवर अँटेना धरून उभा आणि खालून आम्ही ओरडायचो, "थांब, आता दिसतंय, हलू नकोस!" पडद्यावर नुसत्या मुंग्या असल्या तरी तबस्सुम यांचं हसणं ऐकू यायचं. आजीला हिंदी धड कळत नव्हतं, तरी ती पदर सावरून पुढे बसायची. "ही बाई पाहुण्याला बोलू देते गं," असं आईला सांगायची. २०२२ च्या नोव्हेंबरात तबस्सुम गेल्या, तेव्हा मला आधी आजीच आठवली.