जाम घाटात बंद पडलेली मोटरसायकल आणि तीन तासांनी आलेली क्रेन : रोडसाइड असिस्टन्स पुन्हा घ्यावे का?

रामबागवासी, इंदूर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात एका रविवारी महेश्वरहून मंडलेश्वरमार्गे इंदूरला परतत असताना जाम घाटाच्या चढावर माझी मोटरसायकल बंद पडली. गाडी २०२१ची, दीडशे सीसीची, फ्युएल इंजेक्शनची आहे आणि मागे पत्नी बसलेली होती. आधी हेडलाइट मंद होत गेला, मग मीटर विझले आणि दोन-चार गचके देऊन इंजिन थांबले. सेल्फ दाबला की नुसती टकटक ऐकू येत होती. या गाडीला किक नाही, म्हणून ती उताराकडे वळवून दुसऱ्या गिअरमध्ये सोडून पाहिली, पण तिने साधी उचकीही दिली नाही.

विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स (गाडी रस्त्यात बंद पडल्यास मदत पाठवण्याचे जादा कलम) घेतलेले होते, त्यामुळे सुरुवातीला मी निश्चिंत होतो. घाटात रेंज येत-जात असल्यामुळे पत्नीला एका चहाच्या टपरीवर बसवून मी जाम गेटपर्यंत पायी चढून गेलो आणि तिथून फोन लावला. पलीकडच्या मुलीने आधी पिनकोड विचारला, मग जवळचा टोलनाका विचारला, आणि मी ‘जाम गेट’ म्हटल्यावर ते कोणत्या कॉलनीचे गेट आहे असे विचारले. अहिल्याबाईंच्या काळातल्या दरवाजाला कॉलनीचे गेट होण्याची पाळी त्या दिवशी आली. सव्वापाचला नोंदवलेल्या तक्रारीवर साडेआठला जी गाडी आली, ती मोटारी उचलण्याची हुकवाली क्रेन होती. चालकाचे म्हणणे असे की पुढचे चाक हुकाला दोरीने बांधून वर घेऊ, मागचे चाक रस्त्यावर फिरत राहील आणि मी हँडल धरून सीटवर बसावे. अंधारात, घाटाच्या वळणांवर, अशा टोचनला मी नकार दिला. तेव्हा त्याने ‘निदान ओटीपी तरी द्या, म्हणजे माझी फेरी धरली जाईल’ अशी गळ घातली. तो मी दिला नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर संदेश आला : ‘ग्राहकाने सेवा नाकारली.’

शेवटी भाजी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या एका छोट्या हत्तीवाल्याने (छोट्या मालवाहू टेम्पोवाल्याने) बाराशे रुपयांत आम्हां दोघांना गाडीसह महूपर्यंत आणले. पुढच्या महिन्यात विम्याचे नूतनीकरण आहे. हे जादा कलम पुन्हा घ्यावे का, दुचाकीसाठी सपाट हौद्याचीच गाडी पाठवा असा आग्रह धरण्याचा आपल्याला अधिकार आहे का, आणि अशा रस्त्यावर नेमका कोणाला फोन करावा, याविषयी जाणकारांनी स्वतःच्या अनुभवावरून लिहावे ही विनंती.

निवृत्त सर्वेक्षक, सुदामानगर

आपण ओटीपी दिला नाही हे फार चांगले केले. तो दिला असता तर काम पूर्ण झाल्याची नोंद झाली असती आणि तक्रारीला जागाच उरली नसती.

माझी सगळी नोकरी वाहनविम्याच्या दाव्यांची पाहणी करण्यात गेली, तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो. विमा आहे म्हणजे गाडी ओढून नेण्याचा खर्चही त्यातच मिळतो, असा समज मला सगळीकडे आढळत आला आहे. २००२च्या मोटर टॅरिफमधल्या (वाहनविम्याच्या ठरीव नियमावलीतल्या) दुचाकीच्या प्रमाणित पॉलिसीत तसे एक कलम आहे खरे, पण ते अपघातात नुकसान होऊन गाडी चालण्यायोग्य न राहिल्यास लागू होते, आणि जवळच्या दुरुस्तीवाल्यापर्यंत नेऊन परत पोचवण्याची त्याची मर्यादा दुचाकीला अवघी ३०० रुपये आहे. चालता चालता बंद पडणे, म्हणजे यांत्रिक किंवा विद्युत बिघाड, हा तर त्या पॉलिसीतून स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. रोडसाइड असिस्टन्स हे वेगळा हप्ता घेऊन दिलेले वेगळे कलम असल्यामुळे किती किलोमीटर, वर्षातून किती वेळा आणि कुठपर्यंत, हे केवळ त्या कलमाच्या मजकुरावरून ठरते. आपल्या पॉलिसीची पूर्ण प्रत उघडून तेवढे पान वाचावे. दलालाने तोंडी सांगितलेले ‘कुठेही, कधीही’ त्या पानावर सापडत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला नाही, पण इथे वाचणाऱ्या अनेकांना लागू पडेल. सप्टेंबर २०१८पासून नवी दुचाकी घेताना तृतीय पक्ष विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास लागणारा) एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो, मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. लोक कागदावर पाच वर्षांची तारीख पाहून स्वस्थ बसतात. वर्ष संपले की स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण जाते आणि त्याला जोडलेले असिस्टन्सही त्याच दिवशी जाते, आणि हे त्यांना कळते ते थेट घाटात.

गाडी रस्त्यावर सोडून निघून जाण्याचा विचार त्या रात्री आपल्या मनात आला असेल, तर तो अमलात आणला नाही हेही बरे झाले. प्रमाणित पॉलिसीच्या अटींमध्ये अपघात किंवा बिघाडानंतर गाडी योग्य खबरदारी न घेता बेवारस सोडू नये असे कलम आहे. तशी सोडलेली गाडी चोरीला गेली तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न त्याच कलमावरून विचारला जातो.

सपाट हौद्याच्या गाडीबद्दल म्हणाल, तर दुचाकीसाठी कलम विकून मोटारीची क्रेन पाठवणे ही सेवा दिली असे मी तरी मानणार नाही. क्रेन दुसऱ्या ठेकेदाराची होती हे उत्तरही कंपनीला देता येत नाही, कारण हप्ता तिने घेतलेला आहे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, फोनच्या वेळा आणि तो ‘सेवा नाकारली’चा संदेश जोडावा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

मानपूरचा नेहमीचा प्रवासी

माझे मत थोडे उलटे आहे. मी दर पंधरा दिवसांनी इंदूर ते सेंधवा दुचाकीने जातो, आणि हे कलम मी घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी आग्रा–मुंबई महामार्गावर मानपूरच्या पुढे माझ्या गाडीची चेन तुटून इंजिनच्या कव्हरमध्ये अडकली. मी १०३३ला फोन केला. हा राष्ट्रीय महामार्गांचा चोवीस तासांचा मोफत क्रमांक आहे आणि त्यांची माणसे खरोखर आली. परंतु त्यांचे काम रस्ता मोकळा करण्याचे असते, गाडी आपल्या घरी पोचवण्याचे नव्हे. त्यांनी मला गाडीसह पुढच्या एका ढाब्याच्या आवारात आणून सोडले, आणि तिथून पुढचे माझे मला पाहावे लागले. ट्रकांच्या रांगेतून बाजूला झालो एवढ्यासाठीही मी त्यांचा ऋणी आहे. जाम घाटाचा रस्ता मात्र राष्ट्रीय महामार्ग नाही, त्यामुळे तिथे या क्रमांकाची आशा धरू नये. अंधारात एकटे असाल आणि जागा धोक्याची वाटत असेल, तर सरळ ११२ लावावा.

माझा खरा भरवसा छोट्या हत्तीवर आहे. आपली सुटकाही त्यानेच केली, पाहा. महू, मानपूर, धामनोद, बडवाह अशा प्रत्येक गावी बाजाराजवळ टेम्पो उभे असतात. जाता-येताना चहाला थांबलो की मी अशा एका चालकाचा क्रमांक घेऊन ठेवतो. त्याला ठिकाण समजावून सांगावे लागत नाही, कारण जाम गेट कुठे आहे हे त्याला आपल्यापेक्षा अधिक माहीत असते. भाडे मात्र गाडी चढवण्याआधी ठरवावे आणि त्यात गाडी चढवण्या-उतरवण्याचे धरले आहे की नाही हे विचारून घ्यावे.

एक गोष्ट कृपा करून कोणी करू नये. मागून दुसऱ्या दुचाकीवाल्याने आपल्या फुटरेस्टला पाय लावून ढकलत नेण्याची जी पद्धत आहे, ती शहरातल्या पेट्रोल पंपापर्यंत एकवेळ चालून जाते. सिमरोलच्या उतारावर माझ्या मावसभावाने तसे केले, पुढच्याने खड्डा पाहून ब्रेक दाबला आणि मागच्याचा घोटा मोडला.

देवासला नोकरी करणारी

मी विजयनगरहून देवासला रोज स्कूटरने जाते आणि माझा अनुभव वर लिहिणाऱ्यांपेक्षा चांगला आहे. तीन वर्षांत दोनदा असिस्टन्स मागवले, दोन्ही वेळा तासाभरात मदत मिळाली. एकदा बॅटरी उतरली होती, एकदा गाडी उचलून न्यावी लागली. शहराच्या जवळपास ही सेवा चालते, कारण त्यांचे ठेकेदार शहरात असतात. घाटात ते कुठून येणार? मला तर तेवढा हप्ता स्वस्त वाटतो. रात्री आठ वाजता एकटीने अनोळखी टेम्पोवाल्याशी भाड्याची घासाघीस करण्यापेक्षा नोंद झालेली, क्रमांक असलेली गाडी मला अधिक सुरक्षित वाटते. फोन करताना मी सुरुवातीलाच ‘दुचाकी आहे, पिकअप पाठवा, क्रेन नको’ असे सांगते आणि येणाऱ्या वाहनाचा फोटो चालकाकडून मागवते. गाडी चढवण्यापूर्वी चारही बाजूंनी माझ्या स्कूटरचे फोटो काढते.

पाटनीपुऱ्याचा गॅरेजवाला

दादा, त्या क्रेनला नकार दिलात हे उत्तम झाले. पुढचे चाक टांगून मोटरसायकल ओढली की तिला तोल राहत नाही, वळणावर ती हुकाभोवती फिरते, आणि वर बसलेल्या माणसाच्या हातात हँडल असून नसल्यासारखे असते. शिवाय इंजिन बंद असताना मागचे चाक मैलोगणती फिरत राहिले, तर गिअरबॉक्समधले काही भाग फिरतात, पण त्यांना नेहमीसारखे तेल मिळत नाही.

छोट्या हत्तीत गाडी चढवतानाच सर्वांत जास्त नुकसान होते, आणि ते माझ्याकडे येते म्हणून मला ठाऊक आहे. फळी मजबूत असावी, हँडलजवळ एक माणूस आणि मागे एक असे दोघे असावेत. हौद्यात गाडी सरळ उभी करून पुढचे चाक केबिनमागच्या फळीला टेकवावे, पहिला गिअर टाकावा आणि साइड स्टँड वर घ्यावा. स्टँडवर उभी करून बांधलेली गाडी प्रत्येक खड्ड्याला सगळा भार त्या एका दांड्यावर टाकते आणि स्टँडची कडी फ्रेमपासून सुटते. बांधायचे ते हँडलच्या टोकांना किंवा आरशांना नव्हे, तर हँडलच्या खाली जिथे दोन्ही फोर्क एकत्र धरलेले असतात त्या जाड भागाला, दोन्ही बाजूंना ताण देऊन, पुढचे शॉकॲब्सॉर्बर साधारण निम्मे दबतील इतकेच. पूर्ण दाबून आवळले तर ऑइल सील जातात. मागून एक पट्टा चाक सरकू नये म्हणून पुरेसा होतो. जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करायला विसरू नये.

आता बिघाडाविषयी. हेडलाइट मंद, मग मीटर बंद, मग इंजिन बंद, हा क्रम चार्जिंग गेल्याचा आहे. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांत पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक) दोन्ही बॅटरीवर चालतात, म्हणून बॅटरी पूर्ण मेली की धक्का मारून गाडी सुरू होत नाही. आपले वडील उतारावरून स्कूटर सुरू करायचे, ते दिवस गेले. रेग्युलेटर-रेक्टिफायर (बॅटरीला जाणारी वीज सांभाळणारा भाग) आणि त्याचा कपलर, म्हणजे तारांचा जोड, तपासून घ्यावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. फोन करण्याआधी किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे लाल बटण) आणि साइड स्टँडचा स्विच मात्र प्रत्येकाने पाहावा. गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आणलेली आणि मी लाल बटण दाबून सुरू करून दिलेली अशी गिऱ्हाइके वर्षाला दोन-तीन तरी येतात. त्यांच्याकडून मी पैसे घेत नाही, चहा घेतो.

रामबागवासी, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. गॅरेजवाल्या दादांचे निदान अचूक निघाले. रेक्टिफायरचा कपलर वितळून काळा पडला होता, तो आणि बॅटरी दोन्ही बदलले.

निवृत्त काकांच्या सांगण्यावरून पॉलिसीचे ते पान पहिल्यांदाच उघडून वाचले. त्यात ‘जवळच्या दुरुस्ती केंद्रापर्यंत, २५ किलोमीटर’ असे लिहिले आहे, म्हणजे क्रेन योग्य आली असती तरी इंदूरचा प्रश्नच नव्हता. कोणत्या प्रकारचे वाहन येईल याबद्दल त्यात अक्षरही नाही. लेखी तक्रार केली आहे आणि महिन्याची तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवली आहे. देवासला जाणाऱ्या ताईंचे म्हणणेही पटले. माझे रोजचे जाणे-येणे शहरातलेच असल्यामुळे कलम यंदा घेईन, पण दुचाकीसाठी सपाट हौद्याचे वाहन मिळेल असे ईमेलवर लिहून मागितल्यानंतरच. घाटांसाठी महूच्या त्या टेम्पोवाल्याचा क्रमांक जपून ठेवला आहे.

एक शंका राहिली. गाडी बांधण्याचे पट्टे स्वतःजवळ बाळगावेत असे वाटते, कारण त्या रात्री टेम्पोत केवळ सुतळीसारखी एक नायलॉनची दोरी होती. कोणते घ्यावेत?

पाटनीपुऱ्याचा गॅरेजवाला

आपल्या गाडीला एक इंच रुंदीचे, रॅचेटने आवळता येणारे दोन पट्टे आणि कापडी फासे दोन एवढे पुरे, सीटखाली मावले नाहीत तर बॅगेत ठेवावेत. लोखंडी हुक गाडीच्या रंगावर थेट अडकवू नका, आधी कापडी फासा घालून त्यात हुक लावा. आणि दहा किलोमीटरनंतर टेम्पो थांबवून पट्टे पुन्हा एकदा आवळा, कारण खड्ड्यांवर ते हमखास सैल पडतात.