लिनक्ससोबत गेम वाटायचे तर नावाची भानगड होतीय का?

खानापूरचा_गडी:
नमस्कार मंडळी, गावातल्या मराठी शाळेच्या लॅबसाठी लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवालोय, मशीन जुनी आहेत, मेनू मराठी आणि कन्नड दोन्हीत केलाय. पोरांसाठी दहाबारा गेमपण टाकलेत, सगळे जीपीएलवाले (म्हणजे कोड कुणीपण घ्या, बदला, वाटा असा परवाना). त्यात ठोकळे पडतात त्या गेमला मी मेनूत सरळ 'टेट्रिस' लिहिलं आणि अक्षरांच्या गेमला 'स्क्रॅबल', पोरांना लगेच कळतंय म्हणून. आता बाकीच्या शाळापण मागालेत म्हणून नेटवर चढवायचं म्हणतोय तर मित्र म्हणतोय ट्रेडमार्कचं बघ आधी. कोड फुकट आहे म्हटल्यावर नावपण फुकटच की?

निपाणी_छाप:
नाही भावा. आमच्या आजोबांचा विडीचा धंदा होता. तंबाखू कुणाकडनंपण घे, पान कुठलंपण घे, पण बंडलावर दुसऱ्याच्या छापाचं लेबल लावलास की संपलास. जीपीएलमध्ये तंबाखू-पान मिळतंय, लेबल नाही. ग्नोम आणि केडीई हे लिनक्सचे डेस्कटॉप, त्यात ग्नोमवाल्यांनी 'ग्नोमेट्रिस'चं 'क्वाड्रापॅसल' केलं (जीभ वळत नाही ते सोड), केडीईत 'केबॅटलशिप'चं 'नेव्हल बॅटल' झालं, ते काय हौस म्हणून नव्हं.

शहापूरचा_किरकिऱ्या:
अरे शाळेच्या पोरांसाठी अमेरिकेतनं खानापूरला कोण येतंय? इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये अजून टेट्रिस नावानंच गेम आहे, काय झालं त्यांना?

टिळकवाडीकर:
अजून कुणी धरलं नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. शाळेच्या लॅबपुरतं कुणी बघणारपण नाही, पण नेटवर चढवलं की गोष्ट वेगळी. आणि अमेरिकेला जायची गरज नाही, आपल्याकडचंच बघा की. कोलकात्याच्या दोघा भावांचा स्क्रॅबलसारखा 'स्क्रॅब्युलस' फेसबुकवर तुफान चालत होता, स्क्रॅबलवाली मॅटेल कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली. २००८ मध्ये कोर्टानं खेळाच्या बोर्डावर कॉपीराइटचा मनाई हुकूम दिला नाही, पण नाव मात्र वापरायचं नाही म्हणून सांगितलं. त्याचं 'लेक्सुलस' झालं. म्हणजे खेळ वाचला, नाव गेलं.
आणि देवनागरीत लिहिलं म्हणून सुटका नाही हं, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात शब्द नुसता तोंडानं वापरला तरी धरतात.
फक्त नाव बदलून निवांत पण बसू नका. २०१२ ला न्यू जर्सीच्या कोर्टात 'मिनो' नावाचा टेट्रिससारखा गेम हरला, नाव वेगळं होतं पण ठोकळ्यांचं रूप आणि १० बाय २० चा बोर्ड जसाच्या तसा उचललेला. नियम घ्या, रूप आपलं करा.

निपाणी_छाप:
आणि ऑथेल्लो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्या उलटवायचा गेम) असेल तर 'रिव्हर्सी' लिही, ते नाव १९व्या शतकातलं आहे, कुणाच्या बापाचं नाही.

खानापूरचा_गडी:
बरं झालं विचारलं. नुसत्या मेनूत बदलून भागणार नाही, आयकॉन आणि हेल्पच्या पानातपण तीच नावं आहेत, आज रात्री बसतो. ठोकळ्यांच्या गेमला 'पडझड' ठेवालोय, बोर्ड पण थोडा रुंद करतो. अक्षरांच्याला 'जुळवाजुळव'. कन्नडमधली नावं शेजारच्या सरांना विचारून टाकतो, मी ठेवली तर पोरं हसतील.

शहापूरचा_किरकिऱ्या:
पडझड! आमच्या रस्त्याचं नाव चोरलास की रे.