घाटावर १२ पवनचक्क्यांचा प्रस्ताव : ग्रामसभेत ना हरकत द्यायची का?

डोंगरकाठ
नमस्कार मंडळी. चिखलदरा तालुक्यातल्या आमच्या पठारावर एक कंपनी पवनचक्क्या लावणार म्हणते. १२ यंत्रं, प्रत्येकी ३ मेगावॅट. ७ खासगी शेतांत, ५ वनजमिनीत. ग्रामपंचायतीकडे ना हरकत मागितली आहे. सोबत दोन पानी पत्र आणि एक रंगीत नकाशा, बाकी काही नाही. गावात सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो रस्ता होईल, पोरांना काम मिळेल, लाइट जाणं थांबेल. दुसरा म्हणतो झरे आटतील, जंगल जाईल, आवाजानं झोप लागणार नाही. दोन्हीकडे ऐकीव माहिती जास्त आहे. ग्रामसभा जवळ आली आहे. ज्यांना यातलं नेमकं कळतं त्यांनी सांगावं की ठराव घेण्याआधी कंपनीकडून काय मागायचं आणि कशाची भीती खरी, कशाची उगाच.

फीडरवाला
दादा, आधी लाइटचं. पवनचक्कीची वीज गावात येत नाही. यंत्रात साधारण ६९० व्होल्टला वीज तयार होते, बुडाशी किंवा आत असलेला ट्रान्सफॉर्मर ती ३३ केव्ही (३३ हजार व्होल्ट) करतो, मग सगळ्या यंत्रांच्या लाइनी एका उपकेंद्रात जातात आणि तिथून मोठ्या दाबानं ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या मोठ्या जाळ्यात. गावाला वीज देणारी ११ केव्हीची लाइन, म्हणजे फीडर, तसाच राहतो. पावसाळ्यात फांदी पडून तो तुटला तर तुमच्या घरात अंधारच, समोर डोंगरावर पंखा फिरत असला तरी. उलट ग्रिड बंद पडलं की ही यंत्रं स्वतःहून थांबतात, कारण लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवाला धोका नको. लाइट सुधारायची असेल तर फीडर दुरुस्ती, गावासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर ही वेगळी अट करारात लिहून घ्या. आपोआप काहीच होणार नाही.

आता वारा. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनानं वाढते. सेकंदाला ६ मीटरचा वारा आणि ७ मीटरचा वारा ऐकायला सारखेच वाटतात, पण दुसऱ्यात जवळपास ५९ टक्के जास्त ऊर्जा असते. म्हणून जागेवरचं मोजमाप मागा. किमान एक पूर्ण वर्ष, शक्यतो पंख्याच्या आसाच्या उंचीजवळ उभ्या केलेल्या मोजणी मनोऱ्यावरचं. पलीकडच्या डोंगरावरचे आकडे इथे चालत नाहीत, आपला भाग दऱ्याखोऱ्यांचा आहे. महाराष्ट्रात वर्षाच्या पवनविजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात यंत्रं बराच वेळ गप्प असतात. शिवाय १,१०० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास विरळ, तेवढं उत्पादन कमी.

हिशोब करून पाहा. ३ मेगावॅटचं यंत्र वर्षभर पूर्ण क्षमतेनं चाललं तर २ कोटी ६२ लाख युनिट. प्रत्यक्षात २५ टक्के क्षमता धरली तर ६५ लाखांच्या घरात. हा टक्का १८ वर आला तर ४७ लाख. प्रकल्प तोट्यात गेला की पहिली काटछाट देखभालीत होते, आणि गियरबॉक्समधलं काहीशे लिटर तेल गळून ओढ्यात उतरतं. त्यामुळे वाऱ्याचे आकडे हा फक्त कंपनीचा प्रश्न नाही, तुमचाही आहे.

कड्याच्या अगदी टोकावर यंत्र दाखवलं असेल तर तेही विचारा. सरळ कड्यावरून वर चढणारा वारा तिरपा आणि भोवऱ्याचा असतो. आंतरराष्ट्रीय मानकात यंत्र ८ अंशांपर्यंतच्या तिरप्या प्रवाहासाठी धरलेलं असतं, त्यापुढे बेअरिंग आणि पात्यांवर ताण येतो. म्हणून नकाशात कड्यावर दिसणारं यंत्र नंतर आत सरकतं, म्हणजे तुमच्या घरांकडे.

गिट्टीमुरूम
पवनचक्कीपेक्षा तिच्यापर्यंत जाणारा रस्ता जास्त नुकसान करतो, हे माझं ठाम मत. ग्रामसभेत सगळे पंख्याकडे बोट दाखवतात आणि रस्त्याचा नकाशा कोणी मागतच नाही.

या आकाराच्या यंत्राचं एक पातं ६५ ते ७० मीटर लांब असतं, अखंड, जोडून नेता येत नाही. परतवाड्याकडून वर येणाऱ्या घाटाची वळणं डोळ्यांपुढे आणा. पातं उभं तिरकं करून नेणारी खास गाडी मिळते, तिनं वळणाची गरज कमी होते, पण मग वरच्या तारा आणि झाडांच्या फांद्या आडव्या येतात. मनोऱ्याचे तुकडे आणि वरची यंत्रपेटी यांना तर रुंद, कमी चढाचा, पक्का दाबलेला रस्ताच लागतो. आठ-दहा टक्क्यांपेक्षा जास्त चढ आला की पुढून ओढायला दुसरं वाहन.

पठारावरचे आतले रस्ते नवे कापावे लागतील. ३० अंशांच्या उतारावर ६ मीटर रुंद रस्ता पूर्ण डोंगर कापून काढला, तर एका किलोमीटरला १० हजार घनमीटरच्या वर दगडमाती निघते. सुटी झाल्यावर ती फुगून १४ हजारांच्या आसपास जाते. १० घनमीटरच्या टिप्परनं चौदाशे खेपा, एका किलोमीटरच्या! तो माल कुठे टाकणार हे कागदावर नसेल तर तो दरीतच ढकलला जाणार, दुसरं काही होत नाही. पहिल्या जोराच्या पावसात तो ओढ्यात उतरतो, खालच्या शेतावर दगड पसरतात, बंधारे गाळानं भरतात. म्हणून माल टाकायची जागा गट क्रमांकासह, खालच्या बाजूला तो माल अडवणारी दगडी भिंत, रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला पक्की नाली आणि पाणी जिथे नैसर्गिक वाहतं तिथेच मोरी, एवढं मे संपायच्या आत झालंच पाहिजे. अर्धवट कापलेला रस्ता पावसाळ्यात सोडून जाणं सगळ्यात वाईट.

पायाचंही ऐका. एका यंत्राचा पाया २० मीटरच्या आसपास व्यासाचा, तीनेक मीटर खोल, साधारण ५०० घनमीटर काँक्रीट आणि ५० टनांच्या आगेमागे लोखंड. ओतकाम एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, नाहीतर जुन्या-नव्या थरात सांधा राहतो आणि तिथून तडा जातो. म्हणजे ६ घनमीटरच्या मिक्सरच्या ८०-८५ गाड्या एका दमात, रात्रंदिवस. फक्त काँक्रीट कालवायला एका पायाला ८०-९० हजार लिटर पाणी, १२ पायांना १० लाखांच्या आसपास, वर पाणी मारायचं ते वेगळं. हे काम नेमकं कोरड्या दिवसांत होतं, जेव्हा पठारावरच्या गावांना टँकर लागतो. पाणी कुठून आणणार हे लेखी घ्या, आणि घाटाखालून आणणार असं लिहून घ्या.

तिवसा
राजेहो, सगळे इरोधातच कायले बोलता? दिवाळी झाली का घरंच्या घरं कामाले बाहेर निघतात अन् होळीले वापस येतात. इथं काही आलं तर नको म्हणाचं, मंग पोट्ट्याईनं कराचं काय? पवनचक्की काही कोळशाची राख उडवत नाई, पाणी उकळत नाई. बांधकाम झालं का बुडाजवळच्या मोकळ्या जागेत ज्वारी, तूर घेता येते, गुरं चरतात. खानीपेक्षा हे लाख पटीनं बरं.

फक्त पैशाचा व्यवहार नीट करा. यंत्राची जागा, रस्ता, तारांचे खांब अन् क्रेन उभी कराची जागा, ह्या चारीचा मोबदला अलग अलग लिहून घ्या. क्रेनची जागा मोठी लागते, माती दाबून दाबून दगडावानी होते. काम झाल्यावर वरची सुपीक माती वापस पसरवून द्याची अट टाका, त्यासाठी खोदतानीच ती माती बाजूले राखून ठेवाले सांगा. भाडं एकरकमी घेऊ नका, वर्षाचं घ्या अन् दरवर्षी वाढ लिहून घ्या. अन् एक गोष्ट कोणी पाहत नाई: पातं ६५-७० मीटर लांब, मंग थे शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून फिरते. त्याची संमती अन् त्याचा मोबदला आधीच ठरवा, नाहीतर भावकीत भांडणं लागतात.

कामाचं म्हणाल तं बांधकामाच्या वर्ष-दीड वर्षात मजूर लागतात, नंतर चौकीदार अन् थोडेसे तंत्रज्ञ. म्हणून आतापासूनच गावच्या दोन-चार पोरापोरींना आयटीआयमधून वीजतंत्री, फिटर करून घ्या, अन् त्याईलेच घेतलं पाह्यजे हे करारात टाका.

सातबारा_ताई
तिवसा भाऊ, मोबदल्याचं बोललात ते बरोबर, पण आधी कोणाची जमीन कशी देता येते ते पाहू या. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम ३६-अ लागू होतं. त्यात फक्त विक्रीच नाही, भाडेपट्टासुद्धा येतो. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, त्यापुढे राज्य सरकारची पूर्वमान्यता. पवनचक्कीचा करार वीस-पंचवीस वर्षांचा, म्हणजे हा दुसरा मार्ग. मध्यस्थ पाच पाच वर्षांचे तुकडे पाडून कागद करू म्हणत असेल तर सही करू नका. कोऱ्या मुद्रांकावर तर अजिबात नाही.

५ यंत्रं वनजमिनीत आहेत. तिथे १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची परवानगी लागते, आणि वनहक्क कायदा, २००६ नुसार आधी गावाचे वैयक्तिक व सामूहिक दावे निकाली निघायला हवेत. ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. गाभ्याचा मुद्दा असा की कंपनीनं ग्रामपंचायतीकडे ना हरकत मागितली आहे. मासिक सभेत सात-आठ सदस्यांनी केलेला ठराव म्हणजे ग्रामसभेची संमती नव्हे. पेसाखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याखाली) पाडा स्वतःचं गाव म्हणून घोषित झाला असेल तर त्याची ग्रामसभा वेगळी. त्यामुळे ज्या पाड्यांच्या हद्दीत यंत्रं, रस्ता आणि तारा येतात त्या प्रत्येकाचा स्वतंत्र ठराव लागेल.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही. म्हणजे धरण किंवा खाणीला होते तशी जाहीर जनसुनावणी इथे होणार नाही. तुमची ग्रामसभा हीच सुनावणी. म्हणून "हरकत नाही" एवढ्या दोन शब्दांचा ठराव देऊ नका. अटी ठरावातच लिहा, त्याला नकाशा जोडा, प्रत्येक यंत्राचे अक्षांश-रेखांश टाका आणि "यात बदल झाल्यास पुन्हा ग्रामसभा" असं वाक्य घाला. आयुष्य संपल्यावर यंत्र उतरवून नेण्याचा खर्च सुरुवातीलाच बँक हमी म्हणून ठेवायला लावा. पाती काचतंतू आणि राळेची असतात, भंगारवाला घेत नाही, पडून राहतात.

डोंगरकाठ
सर्वांचे मनापासून आभार. रस्त्याचा आणि कलम ३६-अ चा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हता. दोन शंका राहिल्या. आवाजासाठी घरापासून किती अंतर सुरक्षित? आणि झऱ्यांना खरंच धोका आहे का? पठारावरचे दोन पाडे मार्चनंतर झऱ्यावरच जगतात.

फीडरवाला
केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजासाठी वस्तीपासून किमान ५०० मीटर अंतर दिलं आहे. यंत्राजवळ आवाजाची पातळी १०५ डेसिबलच्या घरात, ५०० मीटरवर ती ४० च्या आसपास उरते. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५. म्हणजे कागदावर बसतं, पण आपल्याकडे रात्री किड्यांशिवाय आवाज नसतो, त्यामुळे ४० सुद्धा ऐकू येतील. दोन-तीन यंत्रं एकाच पाड्याजवळ असतील तर त्यांचा आवाज एकत्र मोजायला सांगा. ७०० ते ८०० मीटर मागा, मिळू शकतं. पात्याची हलती सावली सकाळ-संध्याकाळ लांबवर पडते. कोणत्या घरावर, कोणत्या महिन्यात, किती वेळ, याचं गणित संगणकावर निघतं. ते मागा.

आकाशातली वीज पडायचा धोका आहे, पण तो यंत्रालाच जास्त. आपल्या काळ्या कातळात अर्थिंग नीट उतरत नाही. १० ओहमच्या आत प्रतिकार मोजून दाखवा म्हणावं, तोही उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना. पावसाळ्यात मोजला तर कोणीही पास होतं.

भूजल_वऱ्हाड
झऱ्याचं सांगतो. आपला डोंगर बेसाल्टच्या थरांचा. सच्छिद्र किंवा भेगाळ थरातून पाणी खाली झिरपतं, खाली घट्ट कातळ किंवा लाल मातीसारखा गेरूचा थर लागला की आडवं सरकतं आणि उतारावर जिथे तो थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. म्हणून एका डोंगराचे झरे बहुतेकदा एकाच उंचीवर ओळीनं सापडतात. यंत्राचा तीन मीटरचा पाया पठाराच्या माथ्यावर असेल तर सहसा झऱ्याला काही करत नाही. रस्ता मात्र उतारावर, झऱ्याच्या वर, त्याच थरातून आडवा कापला तर पाणी रस्त्याच्या नालीतून बाहेर पडतं आणि पाड्यावरचा झरा बसतो. सुरुंगानं भेगा सरकल्या तरी तेच. झऱ्याच्या वरच्या अंगाला सुरुंग नको, कातळ फोडायचा तर ब्रेकरनं.

पुरावा आजच तयार करायला लागा. १५ लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे. बादली ६० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर. प्रत्येक झऱ्याची नोंद दर पंधरा दिवसांनी, तीन वेळा मोजून सरासरी, फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत. तारीख, अक्षांश-रेखांश, फोटो, आणि पंचनाम्यासारखी ग्रामसेवकाची सही. एक पूर्ण उन्हाळा नोंदलेला असला तर पुढे झरा कमी झाल्यावर दुष्काळानं झाला म्हणायची सोय राहत नाही, कारण त्याच डोंगराच्या काम न झालेल्या बाजूचे झरेही तुमच्या वहीत असतील. तेही मोजा, विसरू नका.

रानपिंगळा
पक्ष्यांचं थोडक्यात. मेळघाटातला रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड, सहसा झाडांतून खालून उडतो, पात्यांचा धोका त्याला कमी. जंगल तुटण्याचा जास्त. खरा धोका कड्यावरच्या वर चढणाऱ्या हवेवर तरंगणाऱ्या गरुड, गिधाडांना आणि वटवाघळांना. सर्वेक्षण वर्षभराचं हवं, हिवाळी पाहुणे आणि पावसाळा दोन्ही धरून. आठवड्याच्या भेटीवर लिहिलेला अहवाल घेऊ नका. ३३ केव्हीच्या उघड्या तारांवरही पक्षी मरतात, आणि त्या लाइनला जंगलातून १५ मीटर रुंद पट्टा जातो, ५ किलोमीटरला साडेसात हेक्टर. तारा रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून टाकायला लावा. पट्टाही वाचतो, आणि फांदी पडून लाइन तुटायचा प्रश्नही राहत नाही.

सातबारा_ताई
डोंगरकाठ दादा, नोटीस निघाली असेल तर तिच्यात विषय काय लिहिला आहे तो शब्दशः इथे टाका. "आयत्या वेळचे विषय" मध्ये हा ठराव घुसवला असेल तर सभेच्या आधीच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.