एकट्यापुरती फिल्टर कॉफी

टिळकवाडीकर: मुलगा बेंगळुरूला गेल्यापासून घरात कॉफी पिणारी मी एकटीच. पितळी फिल्टर चौघांचा. थोडी पूड घातली की पाणी भसकन खाली उतरतं, डिकॉक्शन (खाली उतरलेला कॉफीचा अर्क) पांचट. भरून घातली तर उरलेलं मोरीत. काय करावं?

खानापूरकर: अक्का, एक-दोन कपांचा लहान स्टीलचा फिल्टर घ्या, बेळगावच्या खडेबाजारात बघा. दोन चमचे पूड, त्यावर फिल्टरातली भोकांची चकती हलकेच दाबायची, वर उकळी ओसरलेलं पाणी. मग १५-२० मिनिटं हात लावायचा नाही. चिकोरीवाली (चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची भुकटी मिसळलेली) पूड असली तर थोड्या पुडीतही दाट उतरतं.

निपाणीकर: उरलेलं डिकॉक्शन झाकून फ्रिजात ठेवा, दुसऱ्या दिवशी चालतं. फक्त ते उकळू नका, कडू होतं. दूधच कडकडीत तापवून ओता. पूड १०० ग्रॅमच दळून आणा.

टिळकवाडीकर: शिळं नको बाई, लहान फिल्टरच बघते. चोथा मोगऱ्याला चालेल ना?

खानापूरकर: चालतो, मातीत कालवून. थर देऊ नका, बुरशी धरते.