मदत हवी आहे: 'कुफरी लवकर' बटाट्याचं घरचं बियाणं उन्हाळ्यात कसं टिकवावं?

नमस्कार मंडळी. धायरीत घरामागच्या तुकड्यात भाजीपाला करते. यंदा आंबेगाव तालुक्यातल्या आत्याकडून 'कुफरी लवकर'चं थोडं बियाणं मिळालंय. सिमल्याच्या बटाटा संशोधन केंद्राची ही १९७२ सालची जात, आपल्या पठारी भागासाठी काढलेली, साधारण ८० दिवसांत निघणारी. आता बियाणं मागितलं की पुखराज नाहीतर वेफर्सच्या जाती पुढे येतात. म्हणून ही जात माझ्याकडे कायम राहावी असं फार वाटतं.

लागवडीचं ठरलंय. रात्री २० अंशांखाली उतरल्या की नोव्हेंबरात लावीन. अंड्याएवढे बटाटे अख्खे, मोठे असतील ते फोडी करून, प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवून. मातीची भर दोनदा देईन, नाहीतर उघडे पडलेले बटाटे हिरवे होतात.

अडचण काढणीनंतरची. फेब्रुवारीपासून पुढच्या नोव्हेंबरपर्यंत बियाणं ठेवायचं कुठे? आत्याचं बी गावच्या पोत्यांबरोबर शीतगृहात जातं. माझे दोन-तीन किलो कोण घेणार? एप्रिलमध्ये घरात इतकं तापतं की बटाटे सुरकुततात, त्यात पाकोळीची (बटाटा पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाची) भीती. जूनमध्ये पुन्हा लावून बी फिरतं ठेवावं का? पण सप्टेंबरात निघालेला बटाटा नोव्हेंबरात फुटेल का? कुणी घरच्या घरी केलं असेल तर सविस्तर सांगा.

– परसबाग_धायरी

उत्तर

ताई, सोपी वाट म्हणजे आत्याच्याच पोत्यात तुमची पिशवी घाला, वर खूण बांधून. ते जमलं नाही तर फ्रिजचा भाजीचा कप्पा. कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम धरून कुजतात. थंडीने गोडसर होतात, पण बियाण्याला ते चालतं. लावणीच्या तीन आठवडे आधी बाहेर काढून मंद उजेडात पसरा, कोंब आखूड आणि जाड येतात. फ्रिजमध्ये जाईपर्यंत टोपलीत घाणेरीची वाळलेली पानं अंथरा आणि वरूनही घाला, पाकोळी फिरकत नाही.

जूनची लावणीही करा, पण थोडीच, दुसरा आधार म्हणून. वाफा उंच हवा, पावसात पाणी साचलं आणि करपा (पानं करपवणारा बुरशीचा रोग) आला की सगळं जातं. नव्या बटाट्याची झोप दोन-अडीच महिन्यांची असते. सप्टेंबरातला माल नोव्हेंबरअखेरीस डोळे उघडतो. ८० दिवसांची जात असल्याने तेव्हा लावूनही फेब्रुवारीत निघते, उशिराच्या जातीला हे साधत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी कुठल्या झाडाचं ठेवता ते. पाला हिरवा असतानाच निरोगी झाडांशेजारी काठ्या रोवा. पानं गुंडाळलेली किंवा चट्ट्यापट्ट्याची दिसली तर झाड मुळासकट काढा, मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) तो रोग शेजारी नेतो. काढणीआधी दहा दिवस पाला कापा, साल घट्ट होते.

पीक चांगलं आलं तर मलाही पाच-सहा बटाटे ठेवा, पौडहून येऊन घेऊन जाईन.