मदत हवी आहे: @क्वालिफायर लावूनही स्प्रिंग भलताच बीन देतंय

मंडळी, दोन दिवस यातच अडकलोय.

जावाच्या स्प्रिंग बूट ३ फ्रेमवर्कवरचा प्रोजेक्ट (बीन म्हणजे स्प्रिंग स्वतः बनवून हवा तिथे पुरवतं तो ऑब्जेक्ट). मेसेजसेंडर हा इंटरफेस, त्याचे दोन क्लास: ईमेलसेंडर (यावर @प्रायमरी आहे, म्हणजे वेगळं सांगितलं नाही तर हाच घ्यायचा) आणि एसएमएससेंडर. ओटीपीसर्व्हिसला एसएमएसवालाच हवा, म्हणून सेंडर नावाच्या फील्डवर @ऑटोवायर्ड (इथे बीन पुरव) आणि @क्वालिफायर (नेमका कोणता बीन, त्याचं नाव) दोन्ही होतं. व्यवस्थित चालायचं.

मग कोड रिव्ह्यूमध्ये सांगण्यात आलं की फील्ड इंजेक्शन (बीन थेट फील्डमध्ये) नको, कन्स्ट्रक्टर इंजेक्शन (बीन कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमधून) करा. पटलं. फील्ड फायनल केलं, @ऑटोवायर्ड काढलं, क्लासवर लॉम्बॉक या कोड तयार करून देणाऱ्या लायब्ररीचं @रिक्वायर्डआर्ग्सकन्स्ट्रक्टर टाकलं, म्हणजे फायनल फील्डसाठीचा कन्स्ट्रक्टर आपोआप तयार होतो. @क्वालिफायर फील्डवर होतं तिथेच राहू दिलं.

तेव्हापासून ओटीपी ईमेलने जातोय! एक्सेप्शन नाही, वॉर्निंग नाही, अ‍ॅप निवांत सुरू होतं. @प्रायमरी काढून पाहिलं तर अ‍ॅप उठतच नाही, एक बीन हवा होता पण दोन सापडले म्हणतं. युनिट टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
बीनच्या नावाचं स्पेलिंग बघा. माझं नेहमी तिथेच चुकतं.

धागाकर्ता
तीनदा बघितलं हो. कॉपी-पेस्टच केलंय.

प्रतिसाद २
स्पेलिंग नाही, लॉम्बॉकचा घोळ आहे. कन्स्ट्रक्टर इंजेक्शन करताना स्प्रिंग कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवरचं @क्वालिफायर वाचतं, फील्डवरचं नाही. आणि लॉम्बॉक कन्स्ट्रक्टर तयार करताना ते फील्डवरून पॅरामीटरवर आपणहून नेत नाही. म्हणजे स्प्रिंगला दिसतो तो नुसता मेसेजसेंडर, मग @प्रायमरी असलेला बीन उचलला जातो. @प्रायमरी काढल्यावर आलेला एरर खरं तर तुम्हाला हेच सांगत होता.

टेस्टमध्ये तुम्ही मॉक (नकली सेंडर) थेट कन्स्ट्रक्टरला देत असणार. तिथे स्प्रिंगचा कंटेनर (बीन बनवून जोडणारा भाग) येतच नाही, त्यामुळे त्या हिरव्याच राहणार.

उपाय दोन. प्रोजेक्टच्या मुळाशी लॉम्बॉकची कॉन्फिग फाइल ठेवून कॉपीएबल अ‍ॅनोटेशन्सच्या यादीत (फील्डवरून पॅरामीटरवर न्यायच्या @-खुणा) @क्वालिफायरचं पूर्ण पॅकेजसकट नाव घाला आणि क्लीन बिल्ड करा. नाहीतर या एका क्लासपुरता कन्स्ट्रक्टर हाताने लिहा, @क्वालिफायर पॅरामीटरवर लावा. कन्स्ट्रक्टर एकच असेल तर स्प्रिंग फ्रेमवर्क ४.३ पासून (हा बूटचा आकडा नव्हे) @ऑटोवायर्डही लागत नाही. मी तर हातानेच लिहीन. ती कॉन्फिग फाइल कशासाठी आहे हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही आणि कुणीतरी ती उडवतो.

धागाकर्ता
हाताने लिहिला, एसएमएस आला! आभार. @व्हॅल्यूचंही (कॉन्फिगमधली किंमत फील्डमध्ये भरणारं) असंच होतं का? आणखी एका क्लासमध्ये फायनल स्ट्रिंगवर ते लावायचंय.

प्रतिसाद २
हो, तेच. फक्त तिथे गुपचूप चुकत नाही. स्ट्रिंग टाइपचा बीन सापडला नाही म्हणून अ‍ॅप सुरू होतानाच आपटतं.