मदत हवी आहे: कुंभार्ली घाटात वळणावर स्विफ्ट घसरते. हीच गाडी सुधारू की इंजिनचा जोर मागच्या चाकांना जाणारी घेऊ?

नमस्कार मंडळी,

माझी नोकरी कराडला, घर चिपळूणला. शनिवारी कुंभार्ली उतरायचा आणि सोमवारी पहाटे चढायचा, असं चार वर्षं चाललंय. गाडी २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट, टायर कंपनीच्याच मापाचे, १६५/८० आर १४. गाडीवर जीव आहे आणि घाटात चालवायला मनापासून आवडतं.

अडचणी दोन आहेत. पहिली जुनीच. पावसात चढताना अगदी आखूड वळणावर रेस दिली की आतल्या बाजूचं पुढचं चाक जागेवर गरगरतं आणि गाडी वळायचं सोडून सरळ बाहेर जायला बघते. दुसरी नवी आहे, आणि तिने माझी झोप उडवली आहे. जूनमध्ये पुढचे दोन टायर नवे टाकले. पंधरा दिवसांनी पावसात उतरताना एका वळणात वेग जरा जास्त वाटला म्हणून रेसवरचा पाय झटकन उचलला, तर गाडीचा मागचा भाग एकदम बाहेर फेकला गेला. समोरून काही येत नव्हतं म्हणून निभावलं. मागे बायको आणि मुलगी होती.

इथल्या एका गॅरेजवाल्याने मागे जाड अँटी रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी सळई), गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणि २०५ मिमी रुंद टायर सुचवलेत, खर्च साठ हजार. मित्र म्हणतो, स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पैसे घालू नकोस, जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज बघ, वळणं घ्यावीत तर मागच्या चाकांच्या गाडीनेच. काकांची प्रीमिअर पद्मिनी मी कॉलेजात असताना चालवली आहे. तिच्या स्टेअरिंगमधून रस्ता जसा हाताला कळायचा तसा पुढे कुठल्याच गाडीत कळला नाही, त्यामुळे मित्राचं म्हणणं पटतंही. जाणकारांनी कृपया सांगावं, सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. आधी एकच सांगा, मागच्या टायरची नक्षी किती उरली आहे? मोजून लिहा, तोवर एक रुपयाही खर्च करू नका.

आता मूळ प्रश्न. टायरकडे पकड ठरावीक असते. ती वळायला वापरा, ब्रेक लावायला वापरा किंवा गाडी ओढायला वापरा, बेरीज तेवढीच राहते. स्विफ्टमध्ये पुढचे दोन टायर गाडी वळवतातही आणि ओढतातही, शिवाय इंजिन-गिअरबॉक्सचं वजन त्यांच्यावरच. म्हणून वळणात रेस दिली की तोंड बाहेर जातं, याला अंडरस्टीअर म्हणतात. मागच्या चाकांच्या गाडीत ही कामं वाटलेली असतात. पद्मिनीचं स्टेअरिंग तुम्हाला बोलकं वाटलं त्याचं एक कारण हेच.

पण हा फरक रेस दिल्यावरचा आहे. वीस मीटर त्रिज्येचं वळण धरा. ओल्या रस्त्यावर घर्षण साधारण ०.५ मानलं तर गाडी कुठलीही असो, ताशी ३५ किमीच्या आसपास पकड संपते. कोरड्यात ०.८ धरा, ४५ मिळतील. या हिशेबात गाडी कोणत्या चाकांवर चालते हे कुठेच येत नाही. वेग ३० चा ४० झाला तर टायरवरचा आडवा जोर पावणेदोन पटींहून जास्त होतो. उतारावर तुम्ही रेस देतच नाही, तेव्हा तिथे बीएमडब्ल्यूसुद्धा याच गणिताने घसरेल.

प्रतिसाद २

चढाचं मी सांगतो, कारण तिथे तुमच्या मित्राचं खरं आहे. चढावर वजन मागे सरकतं, म्हणजे ओढणारी पुढची चाकं हलकी होतात. त्यात वळणात आतलं चाक आणखी हलकं होतं आणि साधा डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा भाग) दुसऱ्या चाकालाही त्या हलक्या चाकाला पेलेल तेवढाच जोर देतो. मागच्या चाकांच्या गाडीला चढावर उलट फायदा. पण त्यासाठी गाडी बदलायची गरज नाही. वळणाआधीच गिअर टाका, आत शिरताना हळू, स्टेअरिंग सरळ होऊ लागलं की मगच रेस वाढवा. आम्ही वर्षानुवर्षं असेच चढतो.

जाड रोल बारबद्दल मात्र कळकळीने सांगतो, घालू नका. मागचा भाग कडक केला की अंडरस्टीअर कमी होतं हे खरं. ट्रॅकवर धावणाऱ्या पुढच्या चाकांच्या गाड्यांत तो मुद्दाम घालतात. पण कमी होतं म्हणजे मागची पकड घटवूनच कमी होतं. तुमची गाडी आधीच मागून सुटली आहे! खाली बसवायच्या स्प्रिंगही आपल्या खड्ड्यांत शॉकअपचा जीव घेतील.

आणि स्विफ्टच्या मागच्या चाकांना इंजिनचा जोर द्यायचा विचार कुणी डोक्यात घातला तर तोही सोडा. इंजिन आडवं आहे, जोर मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला जागा नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. आत्ता मोजलं. पुढे ७ मिमी, मागे जेमतेम २. टायरवाला म्हणाला होता, इंजिन पुढे आहे तर नवे टायर पुढेच हवेत, आणि मला ते पटलं होतं.

प्रतिसाद १

मग तुमचं उत्तर सापडलं. १.६ मिमीवर तर टायर बाद झाल्याची खूण असते. २ मिमी नक्षी पुरेसं पाणी बाहेर टाकू शकत नाही. तुम्ही पाय उचललात, वजन पुढे गेलं, मागचे झिजलेले टायर हलके झाले आणि सुटले. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावायचे, पुढच्या चाकांच्या गाडीतसुद्धा. पुढचं सुटलं तर पाय हलकेच कमी करून गाडी बहुतेक वेळा सावरता येते. मागचं सुटलं तर उलटं स्टेअरिंग त्याच क्षणी आणि नेमकं लागतं, आणि घाटात तेवढा रस्ताच नसतो.

तुमच्या जागी मी असतो तर चारही टायर चांगल्या कंपनीचे १८५/६५ आर १५ घेतले असते, रिमसकट. याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला हेच माप यायचं. उंचीत दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही. बाजूची भिंतही बारा मिलिमीटरने कमी, त्यामुळे वळणात टायर कमी वाकतो. २०५ नको. सोबत शॉकअप आणि बुश (सांध्यांतले रबरी भाग) तपासा, चाकांचं अलाइनमेंट करा. साठ हजारांतले बरेच उरतील.

मूळ धागाकर्ता

उद्या सकाळी आधी आहेत तेच पुढचे-मागचे अदलाबदल करून घेतो. या शनिवारी घाटात गाडी नेणार नाही, एसटीने जाईन. पगार झाला की चारही टायर. आता फक्त एक विचारतो, बाकीच्यांनीही सांगावं: दहा वर्षांहून जुन्या गाडीचे मागचे शॉकअप घरच्या घरी तपासायची काही खात्रीची पद्धत आहे का?

प्रतिसाद २

आधी खाली वाकून बघा, शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं तर तो गेलाच. नसेल तर मागचा कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबायला हवा, झुलत राहिला तर शंका घ्या. पण झुलला नाही म्हणून चांगलाच आहे असं धरू नका. टायर उतरवाल तेव्हा त्यांवर हात फिरवा, ठिकठिकाणी खळगे लागले तर शॉकअप बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.